खोका क्रमांक सातमधलं रॅप

चहा हातात घ्या आणि मगच ऐका, कारण माझा हा मूर्खपणा कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही. माणसं कशात कशात फसतात? कुणी जमिनीत, कुणी लग्नात. मी रॅपमध्ये फसले. तेच ते, गाणं म्हणायचं सोडून भांडल्यासारखं भराभरा बोलतात ते. माझं शिक्षण मॅट्रिक, इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरतं. आणि तरी एक काळ असा होता की कुणी विचारलं असतं तर मी रॅपवर अर्धा तास बोलले असते. विचारलं कुणी नाही, ते सोडा.

झालं असं की दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची अठरा वर्षं गेली. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घोषबाई माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि "आज डाल कच्ची रहेगी" म्हणून ओरडून सांगायच्या. मग यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या बाजूला आमचा स्वतःचा फ्लॅट तयार झाला. नवा कोरा, दोन बाल्कन्यांचा. एका बाल्कनीतून एक इमारत बांधताना दिसायची, दुसऱ्या बाल्कनीतून दुसरी. हे सकाळी साडेसातच्या चार्टर्ड बसने ऑफिसला जायचे. मुलगा अनिरुद्ध त्याच वर्षी पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. मागे उरले मी आणि ताज्या रंगाचा वास.

अनिरुद्ध दर रविवारी सकाळी होस्टेलसमोरच्या बूथवरून फोन करायचा. आठवडाभर मी त्या फोनची वाट बघायची. आणि फोन कसा असायचा?

"जेवलास का?"

"आई, सकाळचे नऊ वाजलेत."

"मग नाश्ता?"

"झाला. पोहे."

"बरे होते?"

"ठीक."

मग हे फोन घ्यायचे. "अभ्यास?" "चालू आहे, बाबा." संपलं. सहा दिवस आणि तेवीस तास थांबून माझ्या वाट्याला काय, तर एक 'ठीक'. पोराचं चुकत नव्हतं हो. माझ्याकडे तरी सांगायला काय होतं? समोरच्या इमारतीचा सातवा मजला पडला, म्हणजे स्लॅब पडली, आणि आमच्या मजल्यावर अजून कुणी राहायला आलं नाही, एवढीच बातमी.

आता खोक्याकडे येते. घर हलवायचं काम यांनी अगदी ऑफिसच्या पद्धतीने केलं होतं. प्रत्येक खोक्याला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाची रजिस्टरमध्ये नोंद. सरकारी नोकराच्या घरात यादीचा मान फार मोठा. यादीत आहे म्हणजे आहे. यादीत नाही म्हणजे समोर दिसत असलं तरी नाही. आमची एक किसणी यादीत लिहायची राहिली, ती यांच्या मते अजून हरवलेली आहे. मी रोज तिच्यावर गाजर किसते.

तर खोका क्रमांक सात. नोंद अशी: 'चि. अनिरुद्ध, वैयक्तिक'. दोन महिने मी त्याला हात लावला नाही. एक दिवस कंटाळून उघडला. जुन्या स्वेटरांखाली चौदा कॅसेट. सगळ्या उतरवून घेतलेल्या, वर बॉलपेनने नुसते आकडे. काहींवर गायकांचे झेरॉक्स केलेले फोटो, ते सगळे कुणीतरी नुकतीच त्यांची गाडी ठोकल्यासारखे बघत होते.

एक लावली. मला वाटलं, कुठल्यातरी दुकानात भांडण चाललंय आणि मागे कुणी बादली बडवतंय. बंद करणार होते. मग मनात आलं, अगं, हे तुझ्या लेकाचं वैयक्तिक आहे. वैयक्तिक. आईला याहून जास्त काय सापडायचं?

मी अभ्यासाला बसले. रोज दुपारी जेवण झालं की एक कॅसेट, दोन्ही बाजू. नावं माहीत नाहीत म्हणून मीच ठेवली. फोटोत गळ्यात दोरखंडाएवढी साखळी, तो साखळीवाला. एकजण श्वास न घेता बोलायचा, तो दमेकरी. आणि एक हळू आवाजाचा होता. त्याच्यामागे एक बाई नुसतं गुणगुणायची आणि तो आता रडेल, मग रडेल असं वाटायचं. तो रडका.

पंधरा दिवसांत मला या गाण्याची रीत कळली. अहो, हे तर उखाणे. यमक जुळवायचं आणि मध्येच नाव घ्यायचं. आपण नवऱ्याचं घेतो, हे लोक स्वतःचं घेतात, आणि लाजत नाहीत.

रविवारी पोहे 'ठीक' झाल्यावर मी म्हटलं, "अनि, तुझा तो साखळीवाला छान आहे रे."

"कोण?"

"कॅसेटमधला. रॅपवाला."

तिकडे रिसीव्हर कशावर तरी आपटला. मग आवाज आला, "आई, तू रॅप ऐकतेस?"

"हो, मग? आवडतं मला. तुलाही आवडतं ना?"

"हां. हां, बिल्कुल. मतलब... आवडतं ना."

त्या दिवशी फोन आठ मिनिटं चालला. ह्यांना वाटलं पोरगा आजारी आहे. ते चप्पल घालून उभे राहिले.

त्यानंतर दर रविवारी आमचं रॅप. अनिरुद्ध काय सुंदर सांगायचा. "आई, पहिल्या पिढीचे कलाकार आपल्या मोहल्ल्याबद्दल बोलत असत. गरिबी, पोलीस, अन्याय हे त्यांचे मुख्य विषय होत. नवीन पिढीत मात्र पार्टी आणि गाड्या यांना प्राधान्य असून त्यात पंजाबी ढोलही आलेला आहे." मी ऐकत राहायची. दिल्लीत वाढलेल्या माझ्या पोराला 'प्राधान्य' हा शब्द कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? पुण्याचा रूममेट कागदावर लिहून द्यायचा आणि हा वाचून दाखवायचा. हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, पुण्याचं पाणी.

नव्या गाण्यांची एक कॅसेटही त्याने टपालाने पाठवली. मीही मतं द्यायची. "मला बाबा जुनेच बरे वाटतात. चिडलेले असतात, पण कुणाशी तरी बोलत असतात. तू पाठवलेल्या कॅसेटमधले नवे आरशासमोर उभे राहून बोलतात."

"वा, आई. क्या बात है."

आणि खरं सांगू का, मला त्यात आमचंच दिसायचं. क्वार्टरमध्ये पाणी गेलं की सगळा ब्लॉक जिन्यात जमून एकत्र ओरडायचा. इथे जो तो लिफ्टमध्ये भेटला की आपल्या टाइल्सचं सांगतो आणि आपल्या मजल्यावर उतरून जातो.

दिवाळीच्या सुट्टीत अनिरुद्ध आला तो दारातच म्हणाला, "आई, सरप्राइज." दोन तिकिटं. नोएडात एका नव्या मॉलच्या पार्किंगमध्ये विलायतेहून आलेला कुणी पंजाबी रॅपर गाणार होता. टेपरेकॉर्डरचा आवाज निदान कमी करता येतो. पण पोराची केवढी हौस, आईला घेऊन जायची. मी म्हटलं, "अरे वा." हे म्हणाले, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांनी घर सांभाळल्याची ही एकमेव नोंद.

मी घरूनच कानात कापसाचे बोळे घालून, वर शाल गुंडाळून निघाले. आमची जागा नेमकी स्पीकरजवळ. स्पीकर कसला, गोदरेजचं कपाट. आजूबाजूला सगळी विशीतली पोरं, आणि मध्ये मी, नारायणपेठ नेसून. एक मुलगी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आंटी, आप बहुत कूल हो." मी तिला हळदीकुंकवाला आलेल्या बाईकडे बघून हसतात तसं हसले.

कार्यक्रम सुरू झाला आणि माझे दात हलायला लागले. अनिरुद्धने माझ्याकडे बघितलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलावली. मी डोलावते बघून तो जोरात डोलायला लागला. त्याला इतकं आवडतंय म्हटल्यावर मी एक हात वर केला. त्याने दोन केले. मी टाळ्या सुरू केल्या. तो उड्या मारायला लागला. अर्धा तास आम्ही मायलेक असे काही नाचलो की मागच्या रांगेतली मुलं आमचं बघून नाचायला लागली.

शेवटी मी दमले. "अनि, पाणी आहे का?" मी ओरडले.

"हो, एकदम मस्त गातोय."

"पाणी, पाणी."

"नाही, संपलं नाही अजून. तू एन्जॉय कर."

मी त्याला जवळ ओढलं आणि कानाकडे तोंड नेलं. तर कानात पांढरं काहीतरी. ओढून काढलं. कापूस. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझी शाल बाजूला केली, आणि माझ्या कानातून त्याने कापूस काढला. गोदरेजच्या कपाटासमोर आम्ही दोघं हातात एकमेकांच्या कानातला कापूस घेऊन उभे.

बाहेर छोलेवाल्याच्या गाडीशी येऊन थांबलो.

"आई, मला रॅप कधीच आवडलं नाही यार. डोकं दुखतं."

"मग कॅसेट?"

"टिटूच्या. क्वार्टरमध्ये आपल्या वर राहायचा ना, तो. त्याचे पप्पा तोडून टाकतील म्हणून त्याने माझ्या कपाटात लपवल्या होत्या."

"पण यादीत तर..."

"कपाट माझं होतं, म्हणून बाबांनी माझं नाव लिहिलं असणार."

"मग इतके रविवार फोनवर काय बोलत होतास?"

त्याने कुलचा दोनदा मोडला. "मला वाटलं, तू तिकडे दिवसभर एकटी असतेस. काहीतरी आवडलंय तुला, तर आपण पण थोडं..."

मग आम्ही इतके हसलो की छोलेवाल्याने न मागता कांदा वाढला. "सुटलो, आई," अनिरुद्ध म्हणाला. मीही म्हणाले, "सुटले रे बाबा. माझंही डोकं नुसतं भणभणायचं."

इथे किस्सा संपायला हवा होता, नाही का? पण माझा मूर्खपणा असा एका फटक्यात संपत नाही.

तो पुण्याला गेला. पहिल्या रविवारी: "नाश्ता?" "उपमा." "बरा होता?" "ठीक." आणि त्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की मी कॅसेट लावून बसले आहे. आता अभ्यास कसला, परीक्षाच रद्द झालेली. पण ती बाई गुणगुणायला लागली की माझा मटार सोलणारा हात थांबायचा. रडका काय बोलतो ते मला आजही माहीत नाही. पण दुपारी दोन ते तीन या वेळात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता. आणि हे सांगू कुणाला? डोकं भणभणतं म्हणून मीच तर शपथेवर सांगून बसले होते.

असे तीनचार महिने गेले. एका रविवारी हे भाजी आणायला गेले, म्हणून मी सकाळीच रडका लावला. समोर फरशी कापायचं मशीन चालू, म्हणून आवाज चांगला मोठा केला. तेवढ्यात लाइट गेली, टेप थांबला, आणि फोन वाजला.

"आई, टिटूचा फोन आला होता. त्याला नोकरी लागली, वेगळी खोली घेतलीय. कॅसेट मागतोय. शनिवारी येऊन घेऊन जाईल."

देऊन टाकायच्या की नाही? त्याच्या हक्काच्या होत्या. मी म्हटलं, "कुठल्या कॅसेट?"

"आई. त्याच त्या."

"त्या होय. त्या मी कबाडीवाल्याला देऊन टाकल्या. ठेवून करायचं काय? डोकं दुखतं नुसतं."

"सगळ्या?"

"सगळ्या. एक म्हणून ठेवली नाही."

आणि लाइट आली.

पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला, आणि आतल्या खोलीतून रडका जिथे अडला होता तिथून, ती बाई आणि बादली यांच्यासह, सगळ्या फ्लॅटभर सुरू झाला. फोनची वायर आखूड. मी आत पळू शकत नव्हते आणि फोन ठेवू शकत नव्हते.

"आई, हे काय वाजतंय?"

"हे ना? शेजारी रे. त्यांचा मुलगा लावतो. फार त्रास आहे बाई त्याचा."



"कुठले शेजारी, आई?"

आता बोला. या आख्ख्या मजल्यावर आपल्याशिवाय चिटपाखरू राहत नाही, हे रडगाणं दर रविवारी फोन ठेवता ठेवता त्याला ऐकवत होतं कोण? मीच.