माजलगावहून लेकीच्या दारापर्यंत

अख्खं जग फिरून आलेला आणि तरी कुठेच न पोचलेला माणूस बघायचा असेल, तर माजलगावला आमच्या साडूंकडे जावं. हे वाक्य मी पूर्वी चेष्टेनं म्हणायचो. आता म्हणत नाही. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून सगळी हयात कालव्याच्या चाऱ्या-पोटचाऱ्या तुडवण्यात गेलेला हा गृहस्थ निवृत्त होईपर्यंत पुण्याच्या पलीकडे गेला नव्हता. पुण्यालाही एकदाच, खात्याच्या प्रशिक्षणाला, आणि तिथल्या भाकरीला चव नाही म्हणून दोन दिवस आधीच परत. असा माणूस तीन वर्षांत तीनदा परदेशी सहलीला गेला, सोबत आमच्या अक्काला घेऊन. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला साधं बीडला आमच्याकडे यायचं म्हटलं तरी एसटीत उलटी होते.

आता एवढी हौस कुठून आली, असं सगळं माजलगाव विचारायचं. हौस कसली डोंबलाची! त्यांची एकुलती एक लेक हॉलंडात ॲमस्टरडॅमला असते. सहा वर्षांपूर्वी तिनं बरोबर शिकणाऱ्या मुलाशी लग्न केलं. मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, हुशार, स्वभावानं सोनं, फक्त जात वेगळी. साडू तेव्हा जे बोलू नये ते बोलले, लेकीनं ते ऐकलं, आणि बाप-लेकीचं बोलणं त्या दिवशी तुटलं. अक्काचं एकच मागणं होतं, डोळे मिटायच्या आत पोरीला एकदा बघू द्या. साडूंनाही तेच हवं होतं, पण तोंडानं म्हणतील तर ते साडू कसले? त्यांनी जाहीर केलं की आपण जग बघायला निघालो आहोत. पहिली सहल दुबई आणि इजिप्त, दुसरी तुर्कस्तान आणि ग्रीस, तिसरी इटलीपासून वर हॉलंडपर्यंत. मी शाळामास्तर माणूस, नकाशा पुढे धरून म्हणालो, साडूभाऊ, सरळ तिसरीलाच का जात नाही? त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, टेलला पाणी पोचायला टाइम लागतोच." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.

साडूंचा प्रवासाचा वेश ठरलेला. पांढरा पायजमा, खादीचा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट आणि शबनम पिशवीत पाणसळ. गवंडी भिंत समपातळीत आहे की नाही ते बघायला वापरतात ती. दर विमानतळावर पोलीस ती बाहेर काढायचे, उलटसुलट करून बघायचे आणि साडू त्यांना मराठीतून तिचा उपयोग समजावून सांगायचे. तोवर सहलीतले बाकीचे लोक रांगेत ताटकळलेले. दुबईत ती काचेची गगनाला भिडलेली इमारत बघून सगळे माना वर करून उभे, आणि हे गाइडला विचारतायत, वरच्या मजल्यावर पाणी किती हॉर्सपॉवरच्या मोटारीनं चढवता. गाइडला सांगता येईना, तेव्हा ती इमारत यांच्या मनातून कायमची उतरली. तिथून चार दिवसांत पिरॅमिडसमोर. दगडाला थापटून बघितलं, सांधे तपासले आणि निकाल दिला की दगड लई चांगला हाय, पण एवढ्या मालात एक धरण झालं असतं. अथेन्सच्या त्या मोडक्या खांबांबद्दल त्यांचं ठाम मत असं की ठेकेदार काम अर्धवट टाकून पळालेला आहे. इस्तंबूलला जमिनीखालचं जुनं पाण्याचं टाकं बघून मात्र ते हरखले, तासभर हलले नाहीत. आपली बीडची, पालीजवळची खजाना विहीर अशीच, फक्त तिला तिकीट न्हाई, असं त्यांनी दोन जपानी बायकांना सांगितलं. रोमजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा पाणी नेणारा कमानींचा कालवा आहे. तिथे त्यांनी कुंपणातून हात घालून पाणसळ लावली. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला, तर याच माणसानं त्याच्या खांद्यावर हात टाकून शाबासकी दिली, जणू त्यानंच बांधलाय.

हे सगळं ते परत आल्यावर आमच्या ओसरीवर बसून सांगायचे, आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. अक्का हसायची नाही. तिचं जग म्हणजे डब्यातले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि जिथे सावली मिळेल तिथे बूड टेकणं. एकदा मी त्यांचे फोटो निवांत बघत होतो. पिरॅमिड, मशिदी, खांब, सगळ्यांपुढे साडू ताठ उभे, आणि शेजारी अक्का. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. बाजूनं ज्या कुणी तरण्या पोरी चालल्या असतील, त्यांच्याकडे बघते आहे. त्यानंतर मला त्या गोष्टींचं हसू येईना.

तिसऱ्या सहलीत ॲमस्टरडॅमला एक दुपार मोकळी होती. पत्ता माझ्या बायकोनं दिला होता आणि लेकीलाही कळवलं होतं. पुढचं अक्कानं बायकोला सांगितलं ते असं. वाटेतले कालवे बघत साडू नेहमीसारखे बडबडत होते, एवढं पाणी आणि पाणीपाळीसाठी भांडणारा एक शेतकरी न्हाई. लेकीची गल्ली आली. टोपी काढली, पुन्हा घातली. घंटी दाबायच्या आतच दार उघडलं. पोर दाराशीच उभी होती म्हणे. जावई पाया पडला. साडूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, चांगला दोन क्षण ठेवला. अक्काला वाटलं, फिटलं आपलं पारणं.

मग जावई स्वतः आत जाऊन तांब्या-पेला घेऊन आला. परदेशात पितळी तांब्या, खास सासऱ्यासाठी घासून चकचकीत केलेला. साडू म्हणाले, "नको, राहू द्या."

आपल्याकडची जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. साडूंच्या आईनं पाळली, माझ्या सासूनं पाळली. लेकीला अजून मूल नव्हतं, साडूंच्या तोंडातून आपसूक गेलं. अक्कानं पेल्याकडे नेलेला हात नवऱ्याकडे बघून मागे घेतला. पण सहा वर्षांपूर्वी याच साडूंनी माझ्या घरात, लेकीच्या तोंडावर, काय म्हटलं होतं? त्याच्या घरच्या पाण्याला शिवणार न्हाई. मी तिथेच होतो. आणि ऐकून गप्प बसलो होतो, हेही लिहून टाकतो. जावई तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. लेकीनं तो त्याच्या हातातून घेतला, आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन विचारलं, तुमची बस किती वाजता आहे. नंतर थोडा वेळ हवेपाण्याच्या गोष्टी झाल्या. निघताना जपून जा म्हणाली. खाली सोडायला आली नाही.

"मला लई तहान लागली होती गं," एवढंच अक्का माझ्या बायकोला म्हणाली आणि रडली.

ते परतल्यावर आठवड्यानं माझ्या मोबाइलवर लेकीचा मेसेज आला. काका, बाबांनी पाणी का नाही घेतलं? एवढंच. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. विचारते आहे म्हणजे दार अजून लोटलेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माजलगाव गाठलं. साडू अंगणात खाटेवर बसले होते, या खेपेला कुणाला काही सांगत नव्हते. मी मेसेज वाचून दाखवला आणि म्हणालो, अहो, रीत होती म्हणून नको म्हणालात, एवढं एक वाक्य तिला सांगा, सगळं मिटतंय. नाहीतर मी लिहितो.

ते हाताच्या रेषा चोळायला लागले.

"मास्तर, तसं लिवू नका," ते म्हणाले. "रीत होती, खरं हाय. पण त्यो पोरगा तांब्या घिऊन म्होरं आला, तवा मी नुसत्या रितीपायीच नको म्हणलो का, हे माझं मलाच सांगता येईना. रोज इचार करतो. लेकीशी खोटं कसं बोलू?"

मी मोबाइल खिशात टाकला. उठलो आणि घरी आलो.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी रोज उत्तर लिहायला घेतो आणि पुसून टाकतो. तिचा प्रश्न मी वाचला आहे, हे तिला तिकडे दिसत असेल.