पुलावरचा पियानो

काल कपाटाला लाखेचं पॉलिश करायला घेतलं आणि त्या वासाने मला उचलून थेट लढाईच्या दिवसांत, गाढी नदीच्या पुलावर नेऊन उभं केलं.

ओटोसाहेब पियानो बनवायचे आणि मी त्यांच्याकडे सुतार; पियानोंना हेच पॉलिश लावायचो. जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यांना पनवेलची हद्द ओलांडायला बंदी केली होती, आणि हद्द संपायची पुलाच्या मधोमध. पलीकडच्या बंगल्यातला, त्यांनीच बनवलेला पियानो दमट हवेने बेसूर झाला. साहेबांना जाता येईना, म्हणून पियानोच बैलगाडीत बसून निघाला.

"यात हत्ती कोंबलाय काय?" गाडीवान ओरडला. बैलांनी वाटेत दोनदा राजीनामा दिला होता, शपथेवर सांगतो! गाडी हद्दीच्या हातभर पलीकडे असताना तर ते बसलेच.

मग साहेबांनी बूट पनवेलमध्ये ठेवले, उरलेलं अंग पलीकडे वाकवलं आणि किल्लीने तारा पिळून सूर लावू लागले. निम्मं पनवेल हसत होतं, सगळ्यांत मोठ्याने मी.

शेवटच्या तारेपर्यंत हात पोचेना. पहाऱ्यावरच्या हवालदाराने पाठ फिरवली. "टाका साहेब एक पाऊल. मी नाय बघत."

साहेबांनी बूट उचलला, आणि होता तिथेच पुन्हा टेकवला.

"नको, हवालदार. एकदा पलीकडे गेलो, तर हे पाय परत वळणार नाहीत."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी शीळ घालत हद्द ओलांडली आणि ते सांगतील तशी तार लावली. तेव्हा वाटलं होतं, केवढा मान दिला मला! आता वाटतं, निदान शीळ तरी घालायला नको होती.