काकांची उत्तरेहून आलेली टीम

माझ्या मैत्रिणीच्या, मुग्धाच्या वडिलांइतका अंधश्रद्धाळू इंजिनिअर अख्ख्या अमेरिकेत शोधून सापडायचा नाही. उत्तरेतल्या बर्फाळ ॲन आर्बरला जन्मभर मोटारींची इंजिनं तपासून निवृत्त झालेला हा गृहस्थ. पण टीव्हीवर मॅच लागली की विज्ञान बाहेर चपलांपाशी काढून ठेवतो. क्रिकेटमधला आपला तो जुना नियम, जोडी जमली की जो जिथे बसलाय त्यानं तिथून हलायचं नाही, तो काकांनी जसाच्या तसा बास्केटबॉलला लावला. क्रिकेटमध्ये ठीक आहे हो, विकेट पडायला वेळ लागतो. इथे अर्ध्या अर्ध्या मिनिटाला बास्केट! आपली झाली की "कोणी हलू नका!", त्यांची झाली की "जागा बदला, जागा बदला!" इकडे दक्षिणेला, कॅरी गावातल्या मुग्धाच्या घरी आम्ही सात-आठ चांगली नोकरदार माणसं पोह्यांच्या बश्या सांभाळत संगीतखुर्ची खेळायचो. माझा नवरा एकदा फोन घ्यायला उठला आणि नेमकी आपली बास्केट पडली. "अहो, तिथेच थांबा!" काका ओरडले. बिचारा अर्धी मॅच जिन्यात उभा होता.

हसण्यावारी नेलं असतं, पण प्रकरण साधं नव्हतं. काकू गेल्यावर काका तिकडच्या मोठ्या घरात एकटेच राहायचे. मागच्या हिवाळ्यात दारासमोरच्या बर्फावर पडले आणि तासभर कुणाला पत्ताच नाही. मुग्धानं त्यांना जवळजवळ उचलूनच इकडे आणलं. अमेरिकेत मालक अख्खी टीमच दुसऱ्या शहरात हलवतात, तशी त्याच सुमारास काकांची ही टीमही उत्तरेकडचं आपलं शहर सोडून आमच्या शेजारच्या शहरात आली. काकांना गाववाले भेटल्याचा आनंद झाला आणि त्या आनंदात त्यांनी जाहीर केलं, "त्यांचं इथं बस्तान बसलं तर मीही राहतो. नाहीतर सीझन संपला की मी परत." तिकडचं घर तर विकलेलं नव्हतंच.

आणि ती रडकी टीम जी हरत सुटली! मुग्धाचा चेहरा दर आठवड्याला उतरत चालला. "यार, एकदा तरी सलग दोन जिंका की," म्हणायची. बास्केटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी मी, ऑफिसला ड्राइव्ह करताना देवाला साकडं घालू लागले.

सीझनची शेवटची मॅच रविवारी दुपारी होती. आम्ही श्वास घ्यायलाही काकांची परवानगी मागत होतो, तरी हरलोच. टीव्ही बंद करायला कुणी धजेना. मुग्धा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. स्टेडियममधले इथले लोक मात्र हरलेल्या टीमसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि काका त्यांच्याकडे बघत बसले होते.

"पहिलं वर्ष कुणाचं बरं जातं?" ते अखेर म्हणाले. "तुझी आई अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात परत जायला रोज बॅग भरायची. रोज! मी ऑफिसातून आलो की रिकामी करायचो. दुसऱ्या वर्षी तिनं आपणहून खिडक्यांना पडदे शिवले."

"म्हणजे बाबा?"

"म्हणजे काय म्हणजे? पुढचा सीझन बघायला नको? घर विकायला काढ."

मुग्धा तिथेच मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. मला तर इतकं हायसं वाटलं की मीही डोळे पुसले. काका मात्र टीव्हीवरून नजर न हलवता, जरा हळूच म्हणाले, "ते पडदे तेवढे काढून आण. इथल्या खिडक्यांना बसायचे नाहीत, माहितेय मला. तरी आण."