प्रशासकाच्या मदतीला एक माणूस

आज सकाळी वाचनालयाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ दार उघडण्याची वाट पाहत बसलेले दिसले, आणि मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

नोकरीत असताना एका लहान नगरपरिषदेवर मी काही महिने प्रशासक होतो. निवडून आलेले सदस्य नव्हते, त्यामुळे सगळे अधिकार माझ्याकडे होते. प्रशासकाने नवी माणसे नेमायची नाहीत, पण असलेल्यांपैकी एकाला स्वतःच्या मदतीला घ्यावे, असा नियम होता. मी ग्रंथपाल सुनंदाबाईंना घेतले. त्यांचे अक्षर सुरेख होते, एवढेच कारण.

"साहेब, मग वाचनालय कोण उघडणार?" त्यांनी विचारले.

"बघू," मी म्हणालो.

मी काही बघितले नाही. वाचनालयाला कुलूप लागले. नियम पाळला की आपण चुकत नाही, असे मला तेव्हा मनापासून वाटत असे.

महिन्याभराने एक निवृत्त शिक्षक भेटायला आले. वाचनालयाचे नाव काढताच मी नियमाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला आणि दोन्ही पाने शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचली.

"नियमाप्रमाणेच आहे सगळं," कागद परत देत ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाचायला मिळालं. आभारी आहे."

त्याच दुपारी मी सुनंदाबाईंना परत पाठवले. पण त्या शिक्षकांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी रागावलो असतो आणि केव्हाच विसरून गेलो असतो.