सिस्टरच्या हातचं औषध

दवाखान्यात जन्म काढला की माणसाजवळ दोनच गोष्टी साचतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या भंगारवाला तरी नेतो, किस्से कोण नेणार? तुम्ही चहा सांगा, मी सुरू करतो.

गाव आमचं नळदुर्गहून हैदराबादच्या रस्त्यानं थोडं पुढं. निजाम जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. गावात एक छोटा दवाखाना, त्यात एक डॉक्टर आणि मी कंपाउंडर. दारासमोर लिंबाखाली एक बाक होतं. गावातली म्हातारी माणसं रोज सकाळी तिथं येऊन बसायची, दुखत असो वा नसो. त्यांत दोघं पक्के. एक माझे वडील आण्णा, रिटायर मास्तर. दुसरे कासीमचाचा, शिंपी. दोघांची दोस्ती लहानपणापासूनची. एकमेकांवर जळायचे, तेही लहानपणापासूनच!

* * *

तेव्हा औषधाची बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची. मी तीत मिक्श्चर भरायचो. मग कागदाची पट्टी दुमडून कडेला कातर मारायचो आणि ती बाटलीवर चिकटवायचो. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. पट्टी दुमडायची कशी, कातर धरायची कशी, हे मला आण्णांनीच शाळेत हस्तकलेच्या तासाला शिकवलेलं. दात वाकडा आला की हातावर छडी!

एकदा कासीमचाचांना खोकला झाला. त्यांना लाल मिक्श्चर दिलं. आण्णांना पोटासाठी पांढरं. आण्णांनी दोन्ही बाटल्या उन्हात धरून बघितल्या आणि एकदम भडकले.

"कासीमला शरबतासारखं लाल, आणि मला चुन्याचं पाणी?"

"आण्णा, आजार वेगळा आहे."

"आजार वेगळा असू दे. रंग का वेगळा?"

शेवटी डॉक्टर म्हणाले, घाल बाबा रंग. घातला. आण्णांचं पोट दोन दिवसांत बरं झालं आणि कासीमचाचांचा खोकला वाढला!

* * *

मग रक्तदाब मोजायचं मशीन आलं. सगळं बाक बाह्या वर करून तयार. कासीमचाचांचा आकडा निघाला एकशेसत्तर. आण्णांचा एकशेतीस.

आण्णांचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर पोरांना मार्क वाटलेला माणूस! "डॉक्टर, पुन्हा तपासा," म्हणाले. "हा चौथीत दोनदा नापास झालाय. ह्याला माझ्यापेक्षा जास्त कसे पडतील?"

कासीमचाचा बाही खाली करत म्हणाले, "मास्तर, तवा पेपर तुमच्यासारखे मास्तर तपासत व्हते. आता मशीन तपासतंय."

डॉक्टरांनी चाचांचं मीठ बंद केलं. तर दुसऱ्या दिवशी आण्णाही घरी म्हणाले, "माझंही मीठ बंद करा!"

* * *

एकदा शहरातून एक तरुण डॉक्टर वही घेऊन आले. माणसं फार वर्षं जगतात ती कशानं, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. ऐंशीच्या वरचीच माणसं वहीत घेणार म्हणाले. झालं! बाकावरचा प्रत्येक जण घटकाभरात दहा-पंधरा वर्षांनी म्हातारा झाला.

कासीमचाचांनी पंच्याऐंशी सांगितले. आण्णा होते बहात्तरचे. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहा नव्वद!"

नेमकी आमची आई डबा घेऊन तिथंच उभी. पदर सावरत म्हणाली, "आपल्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मग मला बघायला आला तवा तुम्ही चाळीस वर्षांचे व्हता व्हय? माझ्या बापाला बावीस कसे सांगितले?"

डॉक्टरांनी हळूच पान उलटलं आणि चाचांना विचारलं, "तुमच्या एवढ्या आयुष्याचं गुपित काय?"

"गुपित कसलं? रोज सकाळी उठून बघतो, मास्तर हाय का गेला. हाय म्हटलं की मलाबी ऱ्हावंच लागतं!"

* * *

आता माझं सांगतो. हसा हवं तर.

दवाखान्यात नवी नर्स आली, सिंधू सिस्टर. ती म्हाताऱ्यांचं मनगट धरायची आणि घड्याळाकडं बघत मिनिटभर तशीच बसायची. एवढंच! पण सगळं बाक तिच्यावर लट्टू झालं. माझ्या खिडकीकडं कुणी फिरकंना. पंधरा वर्षं मी ह्यांच्या बाटल्या धुतल्या, आणि ही कालची आलेली पोरगी! जळलो मी. सरळ सांगतो, लई जळलो.

सोलापूरला जाऊन घड्याळ आणलं. कासीमचाचांचं मनगट धरून मीही बसलो. अर्धं मिनिट झालं नाही तोच चाचा म्हणतात, "दत्तू, हात सोड बाबा. बाजारात जायचंय."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. आण्णांच्या पायावर सूज यायला लागली होती, चार पावलांवर दम लागायचा. डॉक्टरांनी मला आत घेऊन सांगितलं, "दत्तोबा, हृदय थकलंय त्यांचं. मिक्श्चर एक दिवसही चुकवू नका. चुकलं तर काही खरं नाही."

मी घरी डोस ओतून दिला. आण्णांनी पेला बाजूला सारला. "ज्याचं नाक मी पुसलं, त्याच्या हातचं औषध मी पिऊ?"

आणि सकाळी बाकावर सिस्टरच्या हातचा तोच डोस गटागट! औषध मी बनवलेलं, बाप माझा, आणि कौतुक तिचं. वर म्हणतात कसे, "पोरीच्या हाताला गुण आहे." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चांगलं वाटायला हवं होतं, बाप औषध घेतोय म्हणून. नाही वाटलं.

* * *

वर्षभरानं सिस्टरची बदली झाली, धाराशिवला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तिची ट्रंक मीच एसटीवर चढवून दिली, उगीच कुणाचं मन बदलायला नको!

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी औषध बंद केलं. मी विनवलं, आई रडली, डॉक्टर रागावले. आण्णा ढिम्म. तिसऱ्या दिवशी सूज गुडघ्यापर्यंत आली. घरून बाकापर्यंत यायला वाटेत दोनदा टेकले. तेव्हा माझी मस्ती उतरली. वाटलं, धाराशिवला जाऊन त्या पोरीचे पाय धरावेत आणि घेऊन यावं तिला.

पण तेवढा वेळ कुठं होता? मी आत गेलो. बाटली भरली, पट्टी दुमडली, कातर मारली, चिकटवली. बाहेर येऊन आण्णांसमोर धरली.

"आण्णा, ही सिस्टरनं जाताना भरून ठेवली होती तुमच्यासाठी. आत्ता सापडली."

आण्णांनी बाटली हातात घेतली. उन्हात धरून फिरवली. पट्टीच्या एकेका दातावरून अंगठ्याचं नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग बूच काढलं आणि एक डोस घशाखाली उतरवला.

शेजारून कासीमचाचांनी हात पुढं केला. "सिस्टरच्या हातचं हाय, तर मलाबी द्या की मास्तर घोटभर!"

आण्णांनी बाटली झटकन धोतराच्या सोग्यात घेतली.

"सरक तिकडं! माझ्या दत्तूच्या हातचं आहे. तुला नाही मिळायचं."