रुंद टायर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आई होती तोवर तिच्यापाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय. गोष्ट टायरची आहे. हसू नका — इतकी वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आलोय, की गोष्ट फक्त टायरची आहे.

नव्वदच्या दशकातलं सांगतो. मी इंदापूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि राहायला काटेवाडीजवळ मळ्यात. रोज जाऊन-येऊन. आज्यापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, ती मोडून ऊस लावला आणि मी घरातला पहिला पगारदार निघालो. त्यात चारचाकी घेतली. जुनी, छोटी, पांढरी, पण रुबाब विचारू नका! मग वर्षभरात शेजारच्या मळ्यांवर तसल्याच दोन गाड्या आल्या, तशाच पांढऱ्या, आणि मला झोंबलं. आपली उठून दिसली पाहिजे, बस्स.

पुण्यात एका दुकानात ते टायर दिसले. रुंद, बुटके, शर्यतीच्या गाडीला असतात तसे, चकाकत्या मॅगव्हीलवर चढवलेले. दुकानदारानं एवढंच विचारलं, रोज कुठं चालवता? आता खरं काय होतं? ट्रॉल्यांनी चिखल सांडलेला रस्ता, कडेला उसाचं पाचट, आणि कुणाच्या तरी पाटाचं मातीचं दारं फुटून डांबरावर आलेलं पाणी. मी म्हणालो, मुंबई-पुणे. का म्हणालो? काटेवाडी-इंदापूर म्हणायची लाज वाटली, दुसरं काय! तो म्हणाला, मग बिनधास्त घ्या, कोरड्या डांबराला चिकटून पळतील, ओल्यात तेवढं जपा, खाचा उथळ आहेत. मी मान हलवली. वर्गात पोरांना घर्षण शिकवणारा माणूस मी.

घरी तात्या गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बसलीया का रं गाडी?" आई पदराआड हसली. खूश झाला तो एकटा दत्ता.

दत्ता माझा धाकटा भाऊ. पुस्तकात त्याचं मन कधी लागलं नाही, पण ट्रॅक्टर असो, जीप असो, त्याच्या हाती आली की गरीब गाय व्हायची. बारामती-इंदापूर रस्त्यावर वडाप करायची — जीपमध्ये माणसं भरून फेऱ्या मारायच्या — एवढंच त्याचं स्वप्न. तात्या कधी नव्हे ते राजी झाले होते. दिवाळीला जीप दारात येणार होती. तिच्या काचेवर काय लिहायचं, यावरून तो आणि आई रोज भांडायची.

टायर घालून थोडे दिवस झाले असतील. सकाळी मळ्यातून मोठ्या रस्त्याला लागण्याआधीच, कालव्याच्या वळणावर, रस्त्यावर पाणी आलेलं होतं, जास्त नाही, घोटाही बुडाला नसता. गाडी साबणावरून जावी तशी गेली. स्टेअरिंग फिरवतोय आणि काहीच होत नाही! कशीबशी कडेला थांबली. मला लगेच कळलं — मला नाही कळणार तर कुणाला? हलकी गाडी, रुंद चाक, उथळ खाचा, पाणी बाहेर जायला वाटच नाही. त्या दिवसापासून मी त्या वळणावर गाडी रांगवत न्यायचो. पण टायर बदलले नाहीत, आणि घरात कुणाला बोललोही नाही. एवढं मिरवल्यावर काय तोंडानं सांगणार?

मग आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं बारामतीला न्यायचं निघालं. माझ्यापुढं पेपरांचा गठ्ठा होता. दत्ता म्हणाला, मी नेतो. किल्ली देताना अगदी ओठांवर आलं होतं — वळणावर पाणी असलं तर जप. पण तो विचारणार, का? आणि मग तात्यांपर्यंत जाणार, की मास्तरचे टायर निकामी. मी किल्ली दिली. नुसती किल्ली.

त्याच वळणावर गाडी घसरून बाभळीवर गेली. दत्ताला खरचटलंही नाही. आईचा उजवा कोपर चुरला. हात पुन्हा सरळ झाला नाही. त्यानंतर तिनं भाकरी थापली नाही, चुलीपुढं बसून सुनांना नुसतं सांगत राहायची.

दत्ता ज्याला त्याला सांगत होता, "मी हळूच व्हतो. गाडी आपोआप गेली." कोण ऐकतंय? तरणं पोर, हाती गाडी, पळवली असणारच. त्याच्यावर विश्वास ठेवणारा साऱ्या गावात एकच माणूस होता, आणि तो गप्प होता.

गप्प तरी कुठं? ट्रॅक्टरनं ओढून गाडी गॅरेजला नेली आणि दुसऱ्याच दिवशी मी गोठ्यात पडलेले जुने, अरुंद टायर तिला चढवून घेतले. मॅगव्हील वाकली, असं सांगितलं. एक वाकलं होतं. तीन धड होती.

तात्यांनी मला बांधावर गाठलं. म्हणाले, "तू शिकलेला हायेस. गाडीत काय खोट व्हती का?"

मी म्हणालो, "नाही."

आमच्यात एक रीत होती. ज्याच्या बेफिकिरीनं मेंढरं दरीत गेली, त्याच्या हाती पुन्हा कळप द्यायचा नाही. रागावायचं नाही, मारायचं नाही, नुसतं द्यायचं नाही. मेंढरं जाऊन इतकी वर्षं झाली तरी तात्यांनी तेच केलं. जीप आली नाही. दत्तानं महिनाभर वाद घातला, मग हळूहळू थांबला. एक दिवस मला म्हणाला, "दादा, पळवलीच आसंल मी. ध्यानात न्हाय राह्यलं." आणि माझी गाडी मोडली म्हणून माझीच माफी मागितली. अहो, तेव्हा तरी माझी जीभ हलायची होती! हलली नाही.

तो दूध संघात कॅन उचलायला लागला. सायकलवर जायचा. आई गेली ती त्यालाच सांगून गेली, जपून राहा रं. तात्या गेले. आता विचारणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सांगायला कुणाची आडकाठी होती? कुणाचीच नाही.

परवा नवी गाडी घेतली. मी आणि दत्ता दोघंच निघालो होतो. मी दाराशी थांबून किल्ली त्याच्यापुढं धरली, म्हटलं, आज तू चालव. त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

"नगं दादा," तो म्हणाला. "माणसं बसवायचा हात न्हाय माझा."

मी बरं म्हणालो, आणि गाडी सुरू केली.