उलट टपाली

मॅट्रिक झाल्यावर मी अनसिंगला घरीच होते. सत्तरचं दशक होतं ते. एका मासिकात पत्रमैत्रीचं पान यायचं. त्यात मी नाव-पत्ता दिला आणि छंदापुढे टेचात ‘पत्रं लिहिणे’ असं लिहिलं.

मग पत्रं यायला लागली ती थांबेचनात. सोलापूर, चिपळूण, बेळगाव, कुठून कुठून! पोस्टमन दारातूनच ओरडायचा, “घे वं बाई, आजबी तुयाच नावाचा झोला!” सुरुवातीला मी हवेत होते. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘उलट टपाली उत्तर पाठवणे’ असायचं, आणि मी ते शब्दशः पाळायचे. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. तव्यावर भाकरी करपायची आणि माझी बोटं शाईनं निळी. चिपळूणची मैत्रीण माझी सर्वांत लाडकी. तिची पत्रं मी आधी चवीनं वाचायचे, आता तीही उरकू लागले. शेवटी वैतागून ठरवलं, मासिकाला कळवायचं, माझं नाव काढा. तिच्यासकट सगळ्यांना रामराम. ठरवलं आणि रडूच कोसळलं.

आई तूर पाखडत होती. म्हणाली, “काहून रडून राह्यली वं?”

मी सगळं सांगितलं.

“मंग तू काय लिवतं त्यायले? वाच बरं एक.”

नुकतंच लिहिलेलं पत्र मी वाचलं. शेवटची ओळ आली, ‘उलट टपाली उत्तर पाठवणे.’

आईनं सूप खाली ठेवलं. “वा! तूच हाका मारून राह्यली, अन् लोकं आले त तूच रडून राह्यली!”

मला हसू आवरेना. शाळेत शिकवलेली ओळ, मायना लिहावा तशी मी लिहीत होते. माझी ती नुसती रीत, आणि त्यांचा मात्र हुकूम! त्या दिवसापासून मी शेवटी लिहू लागले, ‘सवड होईल तेव्हा लिही.’ काहीजण गळाले. बेळगावकर बहुधा रुसले. पोस्टमनलाच काळजी, “बाई, कोनाशी भांडन झालं काय?”

चिपळूणहून मात्र काहीच येईना. ती तुटली, या विचारानं घास गोड लागेना. कापसाची वेचणी संपत आली तेव्हा तिचं जाडजूड पाकीट आलं. ‘तुझं “सवड होईल तेव्हा” वाचलं आणि हुश्श झालं बघ. तुला राग येईल म्हणून मी घाईघाईनं लिहायचे. आता निवांत लिहिलंय, तूही निवांत वाच.’

मी ते निवांत वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. उत्तर त्या दिवशी लिहिलं नाही, आणि इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.